संशोधनाचा पैसा आणि शेतकऱ्याचे बी

काडेपेटी घ्या, साबण घ्या की डिझेल घ्या, त्यात सरकारचा कर असतोच. त्यातील काही पैसा प्रयोगशाळांकडे जातो. "शास्त्रज्ञांना पैसे कशाला? त्यापेक्षा खत स्वस्त करा," असे पुष्कळ शेतकरी म्हणतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर गव्हाच्या शेतात शोधू या.

जुना उंच गहू खत जास्त दिले की लोळत असे. मेक्सिकोत डॉ. नॉर्मन बोरलॉग यांनी बुटक्या जाती तयार केल्या. डॉ. स्वामिनाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या आपल्या हवामानात पारखल्या. कृषिमंत्री सुब्रमण्यम यांनी हिंमत धरली आणि १९६६ साली १८,००० टन बियाणे आणले. १९६६-६७ च्या दुष्काळी वर्षी देशात १ कोटी १४ लाख टन गहू झाला. १९६७-६८ मध्ये १ कोटी ६५ लाख टन. पाऊस बरा झाला हे खरे, पण केवळ पावसाने एवढी वाढ होत नसते.

मात्र काम तेथे संपले नाही. १९६७ साली आलेली 'कल्याणसोना' ही जात घरोघरी पोहोचली, आणि काही वर्षांतच तांबेऱ्याला बळी पडू लागली. तांबेऱ्याची बुरशी आपले रूप बदलते. म्हणून नवी जात सतत तयार ठेवावी लागते. विहिरीचा गाळ एकदा काढला म्हणजे कायमचे भागत नाही, तसेच हे आहे.

मग हे काम कंपन्या का करीत नाहीत? संकरित मक्याचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते, म्हणून तेथे कंपनीला नफा आहे. गव्हाचे बी आपण घरचेच ठेवतो, शेजाऱ्यालाही देतो. २००१ च्या कायद्याने तो आपला हक्कच आहे. एकदा विकलेल्या बियाण्यावर कंपनीला पुन्हा काय मिळणार? अशा पिकांसाठी सरकारलाच पुढे यावे लागते.

२०२०-२१ मध्ये आपल्या देशाने १०० रुपयांच्या राष्ट्रीय उत्पन्नामागे सर्व तऱ्हेच्या संशोधनावर ६४ पैसे खर्च केले. चीनने सुमारे २ रुपये ४० पैसे. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभारण्याचा बेत जाहीर झाला. त्यातील सुमारे ३६,००० कोटी सरकारी तिजोरीबाहेरून यावेत अशी अपेक्षा होती. उद्योगांचा पैसा यावा, चांगलेच आहे. पण तो नफ्याकडे वळणार. घरच्या बियाण्याची काळजी वाहणारा सरकारी वाटा आटता कामा नये, हे आपण आपल्या आमदार-खासदारांना सांगितले पाहिजे.

आरोग्याचेही तसेच. १९८० नंतरच्या दशकात दिल्लीत डॉ. महाराज किशन भान व सहकाऱ्यांना दिसले की, काही नवजात बाळांना रोटाव्हायरसचा संसर्ग होऊनही जुलाब होत नाहीत. त्याच विषाणूपासून लस झाली. सरकारी खाते, परदेशी संस्था व हैदराबादची एक कंपनी यांनी मिळून ती सिद्धीस नेली. राष्ट्रीय लसीकरणात ती आली २०१६ साली. तीस वर्षे धीर धरणारा पैसा लागला!

आता आपण काय करावे?

१. घरचे गव्हाचे बी तीन-चार वर्षांनी बदला. तांबेऱ्याला तोंड देणारी जात कोणती, हे कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

२. पानावर पिवळी वा तांबूस भुकटी दिसताच केंद्राला कळवा. आपली खबर हीसुद्धा संशोधनाला मदतच आहे.

३. बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांना रोटाव्हायरसचा डोस तोंडाने पाजून घ्या. लस सगळेच जुलाब थांबवीत नाही. म्हणून जुलाब झाल्यास जलसंजीवनी द्यावी व डॉक्टरांना दाखवावे.

पैसा आपला आहे. त्याचे फळ आपल्या शेतापर्यंत व पाळण्यापर्यंत आणणे हेही आपलेच काम आहे.