वळिवड्याच्या बराकी

लग्न ठरले की सांगली-मिरजेकडची आपली माणसे बस्ता बांधायला गांधीनगरला जातात. दिवसभर दुकाने पालथी घालायची आणि गाठोडी घेऊन संध्याकाळच्या गाडीने परतायचे. आम्हीही गेलो आहोत. पण ही पेठ उभी राहण्याआधी तिथे कोण राहत होते, हे आपल्या मुलांना माहीत नसते.

१९४३ ते १९४८ या काळात या जागी, वळिवडे गावाजवळ, पोलंडच्या सुमारे ५,००० निर्वासितांची छावणी होती. त्यात बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे. १९३९ मध्ये जर्मनी आणि रशियाने पोलंड वाटून घेतला. पुढे रशियाने पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकले. १९४१ मध्ये जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा त्यांची सुटका झाली. त्यांतले काही इराणमार्गे कोल्हापूर संस्थानात पोहोचले. छावणीत शाळा होत्या, दवाखाना होता. आजाऱ्यांना हवापालटासाठी सातारा जिल्ह्यात पाचगणीला नेत.

त्याच वर्षांत सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा साताऱ्यातच होता. ज्या इंग्रजांच्या भरवशावर हे परके लोक इथे राहत होते, त्यांचेच राज्य डळमळीत झाले होते.

महायुद्ध संपले, पण पोलिश कुटुंबांना घर मिळाले नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे तीन बड्या नेत्यांनी पूर्व पोलंड रशियाला देऊन टाकला. ज्यांची गावे गेली, त्यांना कोणी विचारले नाही. १९४७ मध्ये इंग्रज गेले, १९४८ मध्ये छावणी मोडली. कोणी पोलंडला परतले, कोणी इंग्लंड गाठले, कोणी आणखी दूर गेले.

रिकाम्या बराकींत मग फाळणीने बेघर झालेली सिंधी कुटुंबे आली. तीही सर्वस्व गमावून आलेली. पण त्यांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी घडली. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने सिद्ध केलेल्या संविधानात कलम ६ आले. पाकिस्तानातून आलेल्या माणसाला अटी पूर्ण केल्यावर नागरिकत्वाचा हक्क त्या कलमाने दिला. पुढे जागा तीच राहिली, फक्त छावणीची पेठ झाली.

माण, खटाव, जतचा दुष्काळ सोडून मुंबई-पुण्याला गेलेली माणसे आपल्यातही घरोघर आहेत. रेशनकार्ड आणि जन्मदाखल्यासाठी किती हेलपाटे पडतात, हे त्यांना विचारा. निवारा कोणीही दयेने देईल, पण ‘इथून ऊठ’ म्हणणाऱ्यापुढे हक्कच उभा राहतो.

पुढच्या वेळी बस्त्याला जाल तेव्हा मुलांना सोबत न्या आणि हे सांगा.