खोलीतली आगगाडी

निवृत्ती या शब्दाचा अर्थ आपण सहसा विश्रांती असा घेतो. ठरलेल्या वयाला माणूस नोकरीतून मोकळा होतो. परंतु त्याच्या हातांना जडलेली सवय त्या दिवशी संपत नाही. बेंगळूरु हे शहर या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. विमानांचा कारखाना तेथे १९४० साली उभा राहिला. १९४८ साली टेलिफोनचा, १९५३ साली यंत्रे बनवणाऱ्या यंत्रांचा व १९५४ साली इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा कारखाना निघाला. या कारखान्यांमुळे देशाच्या सर्व भागांतून कुशल कामगार व अभियंते तेथे आले. त्यांत मराठी माणसेही होती. तीस-पस्तीस वर्षे कानस, करवत आणि मोजपट्टी हाताळलेल्या माणसाला निवृत्तीनंतर काय हवे असते? वेळ घालवण्याचे साधन नव्हे, तर आपल्या कौशल्याला साजेसे काम हवे असते. असे काम देणाऱ्या एका छंदाची ओळख आपण येथे करून घेणार आहोत. तो छंद म्हणजे घरात लघुरेल्वे उभारणे.

लघुरेल्वे म्हणजे केवळ किल्ली दिली की पळणारे खेळणे नव्हे. खऱ्या रेल्वेचे रूळ, सांधे, सिग्नल, फलाट, पूल आणि बोगदे ठराविक प्रमाणात लहान करून उभारायचे आणि त्यांवरून खऱ्या नियमांनुसार गाड्या चालवायच्या, असे तिचे स्वरूप असते. मोठे जग लहान करून घरात मांडण्याची हौस आपल्याला नवी नाही. मुली भातुकली मांडतात. दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात, त्यावर मोहरी किंवा अळीव पेरून हिरवळ उगवतात. बेंगळूरुमधील घरोघरी दसऱ्यात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात आणि त्यांच्या पायथ्याशी कधी बाग, कधी आख्खे खेडे उभे करतात. लघुरेल्वे ही याच हौसेची पुढची पायरी आहे. फरक दोन गोष्टींत आहे: तिच्यातील प्रत्येक वस्तू एकाच प्रमाणात असावी लागते आणि ती चालावी लागते.

या छंदाचा इतिहासही भातुकलीपासूनच सुरू होतो. जर्मनीतील मेर्कलिन ही कंपनी १८५९ साली बाहुलीघराची भांडीकुंडी बनवण्यासाठी स्थापन झाली. तिने १८९१ साली ठराविक मापाच्या रुळांवर चालणाऱ्या खेळण्यातील गाड्या बाजारात आणल्या. माप ठरलेले असल्याने आज घेतलेल्या रुळांना पुढील वर्षी घेतलेले रूळ जोडता येऊ लागले आणि रेल्वे दरवर्षी वाढवणे शक्य झाले. १९३५ साली टेबलावर मावतील अशा लहान विजेच्या गाड्या आल्या आणि हा छंद सामान्य घरांत शिरला. आपल्याकडे पुण्याच्या कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांनी आपल्या छंदातून लघुरेल्वेचे संग्रहालय उभारले. ते १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात २००१ साली सुरू झालेले लघुरेल्वेचे प्रदर्शन तर जगभरचे प्रवासी पाहण्यास जातात. घरातील मांडणी एवढी मोठी असण्याची मुळीच गरज नाही. तत्त्वे मात्र तीच असतात.

पहिले तत्त्व प्रमाणाचे. जगात सर्वांत अधिक वापरले जाणारे प्रमाण एकास सत्त्याऐंशी हे आहे. म्हणजे खरी वस्तू ८७ सेंटिमीटर असेल, तर प्रतिकृती १ सेंटिमीटर होते. साडेपाच फुटी माणूस या जगात सुमारे २ सेंटिमीटर उंचीचा होतो. आपल्या रेल्वेचा निळा डबा साधारण २१.३ मीटर लांबीचा असे. त्याची प्रतिकृती साडेचोवीस सेंटिमीटर भरते. पाच डबे आणि एक इंजिन यांची गाडी जवळजवळ दीड मीटर लांब होते, तेव्हा फलाटही तेवढाच लांब हवा. गतीलाही हेच प्रमाण लागू करतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी आपल्या टेबलावर सेकंदाला सुमारे १९ सेंटिमीटर सरकली पाहिजे. नवशिक्याची गाडी बहुधा याच्या कितीतरी पट वेगाने पळते आणि म्हणूनच ती खेळण्यासारखी दिसते.

दुसरा प्रश्न रुळांमधील अंतराचा. बाजारात या प्रमाणाचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे मिळतात, कारण ते युरोप-अमेरिकेतील १४३५ मिलिमीटरच्या मार्गावरून बेतलेले आहेत. आपला ब्रॉडगेज मार्ग १६७६ मिलिमीटरचा आहे. त्याला ८७ने भागल्यास १९.३ मिलिमीटर येतात. त्यामुळे काटेकोर हौशी माणसे रूळ स्वतः बसवतात, तर इतर लोक तयार रुळांवर भागवून घेतात. याच हिशेबातून एक सुखद योग हाती लागतो. अडीच फुटी नॅरोगेज म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ने भागल्यास ८.८ मिलिमीटर येतात. एकास एकशेसाठ या अधिक लहान प्रमाणाचे तयार रूळ ९ मिलिमीटरचे असतात. म्हणजे ते रूळ घेऊन त्यांवर एकास सत्त्याऐंशी प्रमाणाची नॅरोगेज गाडी जवळजवळ अचूक चालवता येते.

हा योग महत्त्वाचा का, ते पाहू. कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी, १८९७ साली सुरू झालेली आणि पुढे पंढरपूर, लातूर व मिरजेपर्यंत पोचलेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी होती. बेंगळूरुजवळच्या येलहंक्याहून चिक्कबळ्ळापूर व कोलारमार्गे बंगारपेटकडे जाणारा मार्गही तसाच होता. दोन्ही मार्ग पुढे टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाले. प्रवाशांची सोय झाली, वेग वाढला, आणि ते योग्यच झाले. परंतु त्या लहान गाड्यांची चाल, त्यांची चिमुकली स्थानके, वळणावर इंजिन आणि शेवटचा डबा एकाच वेळी दिसण्याची गंमत हे सर्व आता ज्यांनी पाहिले त्यांच्या आठवणीतच उरले आहे. ती माणसे वृद्ध झाली आहेत. त्यांनी ते लिहून, रेखाटून किंवा घडवून ठेवले नाही, तर ते त्यांच्याबरोबरच जाईल. घरातील लघुरेल्वे येथे करमणुकीपलीकडे जाते आणि स्मृतीचा दस्तऐवज बनते.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे वळू. प्रथम जागा निश्चित करावी. बेंगळूरु ते म्हैसूरु हे अंतर सुमारे १३९ किलोमीटर आहे. एकास सत्त्याऐंशी प्रमाणातही ते दीड किलोमीटरहून अधिक होते. म्हणून कोणीही संपूर्ण मार्ग उभारत नाही. एखादे स्थानक, एक पूल, एक वळण एवढेच निवडतात आणि उरलेला प्रवास बोगद्याआड किंवा इमारतीमागे दडलेल्या रुळांवर सोपवतात. सदनिकेत राहणाऱ्याने खोलीच्या मध्यभागी मोठे टेबल मांडण्यापेक्षा भिंतीलगत दीड फूट रुंदीची लांब फळी बसवणे सोयीचे. माणसाचा हात सुमारे अडीच फुटांपर्यंत सहज पोचतो. त्यापलीकडे घसरलेला डबा उचलताना पुढची सारी रचना कोपराने मोडते. फळीची उंची छातीच्या जरा खाली असावी. त्यामुळे गाडी आकाशातून नव्हे, तर फलाटावरून पाहिल्यासारखी दिसते आणि वाकून पाठही दुखत नाही.

सांगाडा सुक्या लाकडाचा आणि वरची फळी बारा मिलिमीटर जाडीच्या, पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडची करावी. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि जोडावरचे रूळ वर-खाली होतात. म्हणून जोडावर गुण्या लावून कोन तपासावा, पाणसळीने पातळी पाहावी आणि रुळांच्या तुकड्यांमध्ये केसाएवढी फट ठेवावी. खऱ्या रेल्वेतही उष्णतेने प्रसरण पावणाऱ्या रुळांसाठी अशीच फट ठेवत असत.

वळण आणि चढ यांबाबत घाई करू नये. आपल्या ब्रॉडगेज मार्गावरील सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर मानली जाते. प्रतिकृतीत ती दोन मीटर होते. एवढी जागा घरात नसते. लांब डब्यांसाठी निदान ६० सेंटिमीटर त्रिज्या ठेवावी. त्याहून लहान वळणावर डबे बाहेर झुकलेले दिसतात आणि घसरतात. नॅरोगेज गाड्या आखूड असल्याने त्या लहान वळणावरही शोभतात. चढ शंभरास तीनपेक्षा अधिक नसावा. एका मार्गावरून दुसरा मार्ग नेण्यासाठी सुमारे ८ सेंटिमीटर उंची लागते. म्हणजे त्या चढाला २.७ मीटर लांबी हवी. हा हिशेब आधी कागदावर मांडला, तर लाकूड वाया जात नाही.

गाडी चालते ती बारा व्होल्टच्या एकदिश विजेवर. एका रुळातून वीज इंजिनाच्या चाकात शिरते, मोटर फिरवते आणि दुसऱ्या रुळातून परत जाते. दोन तारा उलट जोडल्या की इंजिन उलट दिशेला धावते. मार्ग वळसा घेऊन स्वतःलाच मिळाला, तर डावा रूळ उजव्याला भिडतो आणि वीज थेट परत फिरते; म्हणून तेथे रूळ तोडून तो भाग विजेच्या दृष्टीने वेगळा करावा लागतो. घरातील २३० व्होल्टची वीज थेट मांडणीजवळ आणू नये. खात्रीचा ट्रान्सफॉर्मरच वापरावा. तारा, दिवे, कळा अशा वस्तूंसाठी बेंगळूरुचा एस. पी. रोड प्रसिद्ध आहे. तारेचा प्रत्येक सांधा नीट डाख देऊन पक्का करावा आणि कोणती तार कोठे जाते ते वहीत लिहून ठेवावे. वर्षभराने बिघाड शोधताना ती वहीच उपयोगी पडते.

देखावा उभारण्यासाठी महाग सामान लागत नाही. जाळीवर रद्दी कागदाच्या पट्ट्या चिकटवून वर प्लास्टर ऑफ पॅरिस लावले की डोंगर होतो. चाळणीने चाळलेली बारीक कच रुळांखालची खडी होते. पाण्यात कालवलेला पांढरा गोंद थेंबथेंब सोडला की ती पक्की बसते. रंगवलेला लाकडाचा भुसा गवत होतो, वाळक्या काटक्या झाडे होतात. स्थानकाची इमारत पुठ्ठ्यातून कापावी. पण त्याआधी खऱ्या इमारतीपाशी जाऊन दारे, खिडक्या व खांब मोजावेत. चिक्कबळ्ळापूर मार्गावरील नंदी हॉल्टसारखी जुनी स्थानके अशा अभ्यासाला उत्तम. पाहिल्यासारखे वाटणे आणि मोजून पाहणे यांत किती अंतर असते, ते तेव्हा कळते.

मांडणी तयार झाली की काम संपते असे नाही. खरे रेल्वेकाम तेथून सुरू होते. एकेरी मार्गावर समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून पूर्वी स्थानकमास्तर चालकाला धातूचा गोळा देत. ज्याच्याजवळ गोळा, त्याचीच गाडी पुढच्या टप्प्यात जाई. घरातही हा नियम पाळता येतो. आजोबा एका स्थानकावर, नातू दुसऱ्या स्थानकावर, मध्ये एक गोळा आणि भिंतीवर वेळापत्रक. मग नुसते गोल गोल फिरणे थांबते आणि वाट पाहणे, कळवणे, सांधा बदलणे, सिग्नल देणे असे अर्थपूर्ण काम सुरू होते. मुलाला भागाकार, वीज आणि शिस्त यांचा धडा मिळतो. वडीलधाऱ्या माणसाला ऐकणारा मिळतो.

या छंदाच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. परदेशी इंजिने महाग असतात. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याने एक इंजिन, दोन डबे आणि दीड-दोन मीटर रूळ यांपासून आरंभ करावा. धूळ हा गाडीचा मोठा शत्रू आहे. रुळांवर ती साचली की वीज पोचत नाही आणि गाडी अडखळते. म्हणून रूळ वरचेवर पुसावेत व मांडणी झाकून ठेवावी. घरातील इतरांची जागा आणि सोय यांचाही विचार करावा. सर्वांच्या संमतीने उभारलेली रेल्वेच टिकते. आणि ती कधीच पूर्ण होत नाही, हे आधीच मान्य करावे. एक पूल झाला की नदी हवी असते, नदी झाली की घाट हवा असतो. ज्याच्या हाताला उद्या करायचे काम आहे, त्याचा आजचा दिवस रिकामा जात नाही.