दाताची कबर, तळ्यातलं देऊळ आणि येसराची आमटी

बीड म्हटलं की बाहेरच्या माणसाला दुष्काळ आठवतो, टँकर आठवतो. आम्ही मात्र दसरा-दिवाळीच्या मधला एक रविवार पोरांना घेऊन शहरात फिरलो, तर पहिलं देऊळच पाण्यात!

कंकालेश्वर. चौकोनी कुंडाच्या मधोमध काळ्या दगडाचं, यादवकालीन मानलं जाणारं मंदिर. मंदिराच्या भिंती सरळ जातच नाहीत. कोन बाहेर येतो, आत वळतो, परत बाहेर येतो, आणि वरून पाहिलं तर तारा दिसावा असा आराखडा उमटतो. पोरांनी हाताने कोन मोजायला घेतले आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा आला. प्रत्येक कोनावर ऊन वेगळं पडतं, म्हणून सकाळीच जावं. दुपारी शिल्पं सपाट दिसतात. महाशिवरात्रीला इथे जत्रा भरते, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते.

तिथून खंडोबाच्या टेकडीवर. देवळासमोर दोन दीपमाळा, सुमारे 70 फूट उंच. देऊळ सुलतानजी निंबाळकरांनी बांधलं, असं मानतात. सगळे दिवे लागल्यावर कसं दिसत असेल, हे पोरांनी डोळे मिटून ठरवलं.

आता दाताची गोष्ट. दिल्लीचा सुलतान मुहंमद तुघलक (राज्यकाळ 1325 ते 1351) दक्षिणेच्या मोहिमेवरून परतताना बीडजवळ थांबला. दात दुखायला लागला, काढावा लागला. सुलतानाचा दात तो! समारंभाने पुरला आणि वर थडगं बांधलं, असं इतिहासकार फरिश्ता लिहून गेला आहे. करजणी गावाजवळच्या टेकडीवरची वास्तू आजही त्याच दाताची म्हणून दाखवतात. आमच्या घरातल्या दात पडायच्या वयातल्या मंडळींना ही गोष्ट इतकी आवडली, की घरी आल्यावर अंगणात एक छोटी कबर तयार झाली.

पण माझं मन खरं अडकतं ते खजाना बावडीत. शहराच्या दक्षिणेला थोड्या अंतरावर ही गोल विहीर आहे. निजामशाहीच्या काळात, 1582 च्या सुमारास, सलाबतखानाने ती बांधवली. राजा भास्कर नावाच्या स्थापत्यकाराचं काम. खजिना रिता झाला म्हणून नाव खजाना, अशी आख्यायिका. जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी विहिरीत येतं आणि दुसऱ्या बोगद्याने पुढे शेतांकडे जातं. ना मोट, ना पंप. उतार नीट साधला, की पाणी आपण होऊन चालतं. चारशे वर्षांपूर्वी, लेव्हलिंगचं यंत्र नसताना, जमिनीच्या पोटात हा उतार कुणी कसा पकडला असेल? काठावर बसून आत डोकावलं की गार हवा तोंडावर येते, आणि हा प्रश्न काही केल्या सुटत नाही. दुष्काळी म्हणून हिणवलेल्या मुलखात पाण्याचं इतकं बारीक गणित मांडणारी माणसं होती, हे पोरांना इथेच सांगावं.

पाण्याचीच आणखी एक कला. बीडच्या छागला एकेकाळी नावाजलेल्या होत्या. छागल म्हणजे चामड्याची पाण्याची पिशवी. चामड्यातून ओल झिरपते, वारा लागतो, आतलं पाणी गार होतं. माठाचंच तत्त्व, पण खांद्यावर लटकवून नेता येणारं. गुप्त्यांसाठीही बीड प्रसिद्ध होतं. काठीत लपवलेलं पातं हा विषय पोरांनी पुढे तासभर सोडला नाही.

दुपारी भूक. डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदा, आणि किटलीत येसराची आमटी. मराठवाड्यात लग्नघरी येसर दळायचा म्हणजे सोहळाच. धान्यं, डाळ, धने-जिरे, खोबरं आणि मसाले वेगवेगळे खमंग भाजून दळायचे; पीठ डब्यात महिनोन्‌महिने टिकतं. फोडणीत पाणी उकळलं की दोन-चार चमचे पीठ कालवून सोडायचं. मूठभर पिठात पातेलंभर दाट आमटी! आजीने भाकरी ताटात कुस्करली, मधे आळं केलं, त्यात आमटी ओतली आणि वर कच्च्या तेलाची धार धरली. चमचा मागणाऱ्यांना तिने हातानेच खायला लावलं.

अंबाजोगाई एका दिवसात बसत नाही, तिला पुढचा रविवार राखून ठेवलाय. तिथली दासोपंतांची पासोडी पोरांना दाखवायचीच आहे. दासोपंत (1551–1615) यांनी कापडावर 'पंचीकरण' लिहिलं. लांबी सुमारे 40 फूट, रुंदी 4 फूट. जवळपास एसटीच्या गाडीएवढं लांब पुस्तक! पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश या पाच भुतांचा पसारा त्यावर ओव्यांत आणि आकृत्यांत मांडलेला. त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागे, असं तिकडे सांगतात.

परतताना रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या. 2016 मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. बालाघाटाच्या खडकाळ उतारावर, फारसं पाणी न मागता हे झाड उभं राहतं आणि गर मात्र साखरेसारखा. डोळे उघडलेली निवडून घेतली. घरी पोचेपर्यंत गाडीत फक्त बिया उरल्या होत्या, आणि त्या मोजण्यावरून पोरांचं भांडण रंगलं होतं.