नवख्यासाठी मदतीची खिडकी

संगणकाच्या जाळ्यात प्रथमच शिरणाऱ्याला आपण माहितीपुस्तिका देतो. पण काय विचारावे हेच ज्याला ठाऊक नाही, तो पुस्तिकेत शोधणार तरी काय?

याचे एक सोपे उत्तर १९९१ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात सापडले. तोवर दूरच्या संगणकावरील फाईल आणायची, तर त्या संगणकाचा पत्ता आणि ठरावीक आज्ञा पाठ असाव्या लागत. तिथल्या मंडळींनी ‘गोफर’ तयार केले. पडद्यावर विषयांची यादी दिसे; हवी ती ओळ निवडली की पुढची यादी किंवा थेट मजकूर समोर येई. तो कुठल्या संगणकावर आहे, ही काळजी गोफर वाही. पुढे वेबने त्याला मागे टाकले, पण त्यातले तत्त्व मला आजही मोलाचे वाटते. आठवण्यापेक्षा ओळखणे माणसाला सोपे जाते.

म्हणून मदतीची सोय करताना मी तीन गोष्टी पाहतो. यादी आखूड हवी. भाषा वापरणाऱ्याची हवी: ‘प्रमाणीकरण अयशस्वी’ न म्हणता ‘पासवर्ड चुकला, पुन्हा टाका’ म्हणावे. आणि प्रत्येक पडद्यावरून मागे फिरता यावे, म्हणजे बटण दाबायची भीती उरत नाही.

आज सातबारा आणि निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला ऑनलाईन झाला आहे. पडद्यापाशी अडलेले आजोबा शेवटी परक्याच्या हाती पासवर्ड देतात. मदतीच्या चार सोप्या ओळी त्यांचा तेवढा परावलंबीपणा टाळू शकतात.