आज्ञावली-भाषांविषयीचे मतभेद आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

संगणकशास्त्रात ‘भाषा’ हा शब्द केवळ लक्षणेने आला आहे, असे भाषाशास्त्राचे अभ्यासक सामान्यतः मानतात. ते एका अर्थी खरेही आहे. आज्ञावली-भाषा कोणाची मातृभाषा नसते. तिच्यात कोणी भांडत नाही की कोणाचे सांत्वन करीत नाही. तिचे व्याकरण आधी ठरते आणि वापर मागाहून सुरू होतो. असे असूनही या भाषा वापरणाऱ्यांची आपापल्या भाषेविषयीची मते ऐकली, म्हणजे प्रमाणभाषा आणि बोली यांच्यासंबंधीच्या वादांचीच आठवण होते. या मतांचे स्वरूप काय, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडून आज्ञावल्या लिहून घेण्याची पद्धत रूढ होऊ लागल्यापासून त्यांना कोणते वळण लागले आहे, याचा प्रस्तुत लेखात थोडक्यात विचार करावयाचा आहे.

या मतांचे प्रथम दोन वर्ग करता येतील. पहिल्या वर्गातील मतांच्या मुळाशी भाषा विचाराला घडविते ही कल्पना आहे. सपीर आणि वोर्फ यांच्या नावांशी जोडला गेलेला भाषासापेक्षतेचा सिद्धान्त आपल्या क्षेत्रात सावधपणेच मांडला जातो. आज्ञावलीकार मात्र तो जवळजवळ गृहीत धरूनच बोलतात. डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९७५ मध्ये लिहिलेल्या एका टिपणात कोबॉल ही भाषा बुद्धीला पंगू करते, असा निर्वाळा दिला होता. याच कल्पनेची विधायक बाजू एपीएल या भाषेचे कर्ते केनेथ आयव्हर्सन यांनी १९७९ च्या ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात मांडली. चिन्हव्यवस्था हे विचाराचे साधन आहे, हाच त्या व्याख्यानाचा विषय होता.

दुसऱ्या वर्गातील मते वापराशी संबंधित आहेत. पर्ल (१९८७) या भाषेचे निर्माते लॅरी वॉल यांचे शिक्षण भाषाशास्त्राचे. एकच गोष्ट अनेक प्रकारांनी सांगता यावी, हे नैसर्गिक भाषेचे वैशिष्ट्य त्यांनी आपल्या भाषेत जाणीवपूर्वक आणले. उलट पायथन (१९९१) या भाषेच्या अनुयायांना एका कामासाठी एकच उघड मार्ग असणे इष्ट वाटते. एका पक्षाला लेखकाचे स्वातंत्र्य मोलाचे वाटते, तर दुसऱ्याला वाचकाची सोय. लेखनविषयक नियमांवरून झालेले आपल्याकडील वाद ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे मतभेद अपरिचित वाटणार नाहीत.

कृत्रिम बुद्धिमत्तेसंबंधीचा आजचा वाद नवा भासतो. परंतु त्याचा पूर्वावतार १९५० नंतरच्या दशकात होऊन गेला आहे. त्या काळी आज्ञावली यंत्राच्या सांकेतिक आज्ञांत लिहीत. जॉन बॅकस आणि त्यांचे सहकारी यांनी फोर्ट्रान ही भाषा सिद्ध केली आणि १९५७ मध्ये ती वापरात आली. माणसाने बीजगणितासारख्या चिन्हांत लिहावे आणि त्याचे यंत्रभाषेत रूपांतर यंत्रानेच करावे, ही ती योजना. यंत्राने केलेले भाषांतर कुशल माणसाच्या हातच्या लेखनाची बरोबरी करील, यावर अनेकांचा विश्वास नव्हता. योजनेच्या पुरस्कर्त्यांची अपेक्षाही अतिरेकी होती. आज्ञा लिहिण्याचे आणि चुका शोधण्याचे काम आता बहुतांशी संपेल, असे त्यांनी १९५४ च्या प्राथमिक अहवालात सुचविले होते. प्रत्यक्षात शंका घेणारे आणि आशा बाळगणारे दोघेही चुकले. भाषांतर उत्तम झाले. पण काम संपले नाही, ते वरच्या पातळीवर सरकले.

२०२१ मध्ये गिटहब कोपायलट आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी ही साधने आल्यानंतर तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. आंद्रे कारपाथी यांनी २०२३ च्या आरंभी, आता इंग्रजी हीच गाजणारी नवी आज्ञावली-भाषा होय, अशा आशयाचे विधान केले. व्यावसायिकांची मते मात्र द्विधा आहेत. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२५ च्या पाहणीत ८४ टक्के प्रतिसादकांनी अशी साधने आपण वापरतो किंवा वापरणार आहोत, असे सांगितले. परंतु त्यांच्या उत्तरांच्या अचूकतेवर विश्वास ठेवणारे सुमारे ३३ टक्के, तर अविश्वास दाखविणारे ४६ टक्के निघाले. वापर वाढावा आणि विश्वास कमी असावा, ही स्थिती लक्षणीय आहे. त्याच वर्षी मेटर या संस्थेने १६ अनुभवी आज्ञावलीकारांना त्यांच्या परिचयाच्या प्रकल्पांतील २४६ कामे देऊन एक प्रयोग केला. साधनांची मुभा असताना त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला. तरीही आपला वेळ सुमारे २० टक्क्यांनी वाचला, अशी त्यांची समजूत होती. हा निष्कर्ष त्या वेळची साधने आणि तशा प्रकारची कामे यांपुरताच मर्यादित मानला पाहिजे. पण स्वतःच्या अनुभवावर आधारलेले मतही किती फसवे असू शकते, हे त्यावरून दिसते.

फोर्ट्रानचे भाषांतर आणि आजचे भाषांतर यांत मात्र एक मूलगामी भेद आहे. फोर्ट्रानच्या वाक्याचा अर्थ व्याकरणाने ठरलेला असतो. भाषांतर चुकले तर ते चुकले असे नियमांच्या आधारे दाखविता येते. नैसर्गिक भाषेतील वाक्याला असा ठरीव अर्थ नसतो. तो संदर्भाने पुरा होतो. ‘२० तारखेपर्यंत आलेले अर्ज स्वीकारावेत’ या वाक्यात २० तारीख धरावयाची की नाही? कचेरीतील लेखनिक रूढी पाहून ठरवील. आज्ञावलीत ‘पेक्षा लहान’ आणि ‘पेक्षा लहान किंवा समान’ यांपैकी एक चिन्ह लिहावेच लागते; आणि आपण ते निवडले नाही, तर आपल्या वतीने दुसरे कोणी निवडते.

आपल्या विषयातील उदाहरण याहून बोलके आहे. ‘या शब्दातील अक्षरे मोज’ असे सांगून पायथनमध्ये आज्ञावली करून घेतली आणि तिने त्या भाषेची लांबी मोजण्याची नेहमीची सोय वापरली, तर ‘क्षेत्र’ या शब्दाचे उत्तर ७ येते. मराठी वाचक २ म्हणेल. यंत्राने क, ष, त, र ही चार व्यंजनचिन्हे, दोन हलन्त आणि एक मात्रा वेगवेगळी मोजलेली असतात. आज्ञावली निर्दोषपणे चालते, कोणतीही सूचना येत नाही. आणि अशा मोजणीवर उभारलेला अक्षरांच्या वारंवारतेचा तक्ता मात्र चुकीचा ठरतो. दोष गणिताचा नाही. ‘अक्षर’ या संज्ञेची व्याख्या करावयाची राहून गेली, हा दोष आहे.

डेन्मार्कचे पीटर नाउर यांनी १९८५ मध्ये असे प्रतिपादन केले, की आज्ञावली-लेखनाचे खरे फलित कागदावरील मजकूर नसून, लिहिणाऱ्याच्या मनात उभी राहणारी त्या विषयाची उपपत्ती होय. हे मान्य केल्यास आजच्या वादातील भीतीचे मूळ कळते. मजकूर उसना मिळतो. उपपत्ती उसनी मिळत नाही. उलट बाजूने हेही खरे, की ज्याच्यापाशी उपपत्ती आधीच आहे, त्याचे लेखनाचे श्रम वाचले तर त्यात काही गैर नाही. एकाच साधनाविषयी जाणत्यांचीही मते परस्परविरुद्ध का असतात, याचा उलगडा यातून बराचसा होतो.

यामुळे आकारिक भाषांचे महत्त्व संपले असे म्हणता येत नाही. मूल्यांचे प्रकार आधीच नोंदविण्यास वाव देणारी टाइपस्क्रिप्ट ही भाषा ऑगस्ट २०२५ मध्ये गिटहबवर सर्वाधिक वापरली जाणारी ठरली. दुसऱ्याने लिहिलेले तपासावयाचे असेल, तर नियमांची काटेकोर भाषा उपयोगी पडते, हे या घटनेमागील एक कारण असावे. लिहिण्यासाठी निर्माण झालेल्या भाषा यापुढे अधिकाधिक वाचण्याच्या आणि पडताळण्याच्या भाषा होतील, असा तर्क करण्यास जागा आहे.

आपल्या विभागापुरता यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. शब्दसंग्रहाच्या मोजणीसाठी विद्यार्थ्याने यंत्राकडून आज्ञावली करून घेतली, तर त्यास हरकत घेण्याचे कारण नाही. मात्र तिच्यातील प्रत्येक ओळ काय मोजते, हे त्याला मौखिक परीक्षेत सांगता आले पाहिजे. कारण प्रबंधावर नाव त्याचे असते, यंत्राचे नव्हे.