बाळाची तारीख आणि ग्रीन कार्डची तारीख

नवरा न्यू जर्सीत, अमेरिकन नागरिक. बायको पुण्यात, भारतीय पासपोर्टवर. लग्नाला वर्षही झालेलं नसताना दिवस जातात आणि नातेवाईक पेढ्यांसोबत सल्लेही वाटू लागतात. त्यातले बरेचसे ऐकीव असतात.

गैरसमज : गरोदर असल्याचं कळवलं की फाइल झटपट पुढे सरकते.
वस्तुस्थिती : नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक कोट्याची मर्यादा नाही, पण ती सवलत लग्नामुळे मिळते, गरोदरपणामुळे नाही. आधी नवऱ्याचा आय-१३० अर्ज मंजूर व्हावा लागतो, मग कागदपत्रांची छाननी होते आणि त्यानंतर मुलाखत. घाई करण्याची विनंती करता येते, पण नुसतं गरोदरपण त्याला सहसा पुरत नाही. गंभीर गुंतागुंत असेल तर डॉक्टरांचं पत्र जोडावं. तरीही निर्णय अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतो. नवऱ्याकडे नागरिकत्व नसून नुसतं ग्रीन कार्ड असेल, तर कोट्याची रांगही आली.

गैरसमज : बाळ अमेरिकेत जन्मलं की आईचंही काम झालं.
वस्तुस्थिती : मूल २१ वर्षांचं झाल्याशिवाय आईवडिलांसाठी अर्ज करू शकत नाही. आईचा रस्ता नवऱ्याच्या अर्जातूनच जातो.

गैरसमज : टुरिस्ट व्हिसावर जावं, बाळंतपण उरकावं आणि तिथेच ग्रीन कार्डचा अर्ज टाकावा.
वस्तुस्थिती : कायम राहण्याचा बेत लपवून पाहुणी म्हणून जाणं ही दिशाभूल ठरू शकते, आणि ती सिद्ध झाली तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होण्यापर्यंत वेळ येते. शिवाय केवळ बाळाला नागरिकत्व मिळावं म्हणून कोणी येत असेल, तर पर्यटक व्हिसा नाकारावा, असा नियम २०२० पासून आहे.

गैरसमज : अर्ज अमेरिकेत राहून केला असला, तरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येता येतं.
वस्तुस्थिती : सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. ग्रीन कार्डचा आय-४८५ अर्ज प्रलंबित असताना ‘अॅडव्हान्स परोल’ म्हणजे परतण्याची आगाऊ परवानगी न घेता देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असं साधारणपणे धरलं जातं. एच किंवा एल व्हिसाचा दर्जा टिकवून असलेल्यांना यात सूट आहे. म्हणूनच कित्येक घरांत लेक माहेरी येण्याऐवजी आईच डिंकाचे लाडू बांधून तिकडे जाते.

गैरसमज : वडील अमेरिकन, म्हणजे पुण्यात जन्मलेलं बाळही आपोआप अमेरिकन.
वस्तुस्थिती : आईवडिलांपैकी एकच जण नागरिक असेल, तर त्यानं बाळाच्या जन्माआधी एकूण ५ वर्षं अमेरिकेत काढलेली असावी लागतात, त्यांतली किमान २ वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची. विद्यार्थी म्हणून किंवा एच-१बीवर काढलेले दिवसही यात मोजतात. अट पूर्ण होत असेल तर वकिलातीत बाळाच्या जन्माची नोंद करून पासपोर्ट काढावा. होत नसेल तर बाळासाठी वेगळा आय-१३० लागतो. नागरिकानं पत्नीसाठी केलेल्या अर्जात मूल आपोआप सामावलं जात नाही.

गैरसमज : एक्स-रे आणि लशींमुळे गरोदर बाईची वैद्यकीय तपासणी अडते.
वस्तुस्थिती : पोटावर संरक्षक आवरण घेऊन, संमती देऊन छातीचा एक्स-रे काढता येतो, किंवा तो बाळंतपणानंतर काढता येतो. गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या लशी गरोदरपणात देत नाहीत. डॉक्टर तशी नोंद करतात आणि त्यापायी व्हिसा नाकारला जात नाही.

गैरसमज : नवऱ्याला नोकरी आहे, म्हणजे उत्पन्नाची काळजी नको.
वस्तुस्थिती : आय-८६४ हमीपत्रात कुटुंबाच्या आकाराप्रमाणे दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावं लागतं. २०२५ च्या आकड्यांनुसार बहुतेक राज्यांत दोघांसाठी ते सुमारे २६,४०० डॉलर होतं, तिघांसाठी सुमारे ३३,३०० डॉलर. बाळ जन्मलं की घरातलं माणूस वाढतं आणि हा आकडाही.

आता कॅलेंडर घ्या. व्हिसाची मुदत वैद्यकीय तपासणीला बांधलेली असते, बहुधा सहा महिन्यांची. ३६ आठवड्यांनंतर बहुतेक विमान कंपन्या गरोदर बाईला नेत नाहीत. सातव्या महिन्यात तपासणी करून घेतली आणि विमान चुकलं, तर ओल्या बाळंतिणीला तान्ह्या बाळाच्या पासपोर्टसाठी धावपळ करत उरलेली मुदत गाठावी लागते. तेव्हा तपासणीची वेळ ठरवताना डॉक्टरांनी दिलेली तारीख शेजारी मांडून बघा. मुलाखत पुढे ढकलता येते, बाळंतपण नाही.