टोपी चोरणाऱ्या विषाणूवर एकच मात्रा

२००९ साली स्वाइन फ्लूने पुण्यात देशातला पहिला बळी घेतला आणि टॅमिफ्लू हे नाव घराघरांत पोचलं. फ्लूवरचं औषध म्हटलं की आजही आपल्याला तेवढंच आठवतं. जपानच्या शिओनोगी कंपनीचं बॅलोक्साविर मात्र इथे फारसं कुणाला ठाऊक नाही. २०१८मध्ये आधी जपानने आणि मग अमेरिकेने त्याला मान्यता दिली. टॅमिफ्लू दिवसातून दोनदा, पाच दिवस घ्यायचं, हे एकदाच.

खरी गंमत आहे ती ते कुठे घाव घालतं त्यात. टॅमिफ्लू अगदी शेवटी आडवं येतं, तयार झालेल्या नव्या विषाणूंना पेशीतून सुटू देत नाही. बॅलोक्साविर त्यांच्या नकलाच निघू देत नाही. आपल्या पेशीतल्या संदेशवाहक आरएनएच्या टोकावर एक रासायनिक टोपी असते. ती पाहूनच पेशी प्रथिनं बनवायला घेते. फ्लूच्या विषाणूला अशी टोपी बनवता येत नाही, म्हणून तो आपल्या आरएनएचं टोक टोपीसकट कापतो आणि स्वतःच्या संदेशाला जोडतो. हे कापणाऱ्या विकराच्या गाभ्यात धातूचे आयन असतात. बॅलोक्साविर नेमकं त्यांनाच धरून बसतं आणि कापाकापी थांबते. दुधाबरोबर किंवा अँटासिडबरोबर ही गोळी घेऊ नका असं सांगतात, तेही याच गुणामुळे. त्यांतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम औषधाला पोटातच अडकवतं आणि ते रक्तात कमी उतरतं.

रुग्णाला बरं वाटायला लागणारा वेळ दोन्ही औषधांनी साधारण सारखाच, चोपन्न तासांच्या आसपास. नुसत्या दिखाऊ गोळीने तो ऐंशीच्या घरात गेला. पण बॅलोक्साविरने विषाणूंची संख्या फार लवकर घटते. २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णाकडून घरातल्यांना होणारी लागण त्याने सुमारे ३० टक्क्यांनी कमी केली. घरात म्हातारी माणसं किंवा तान्हं मूल असेल तर मला हा फायदा सर्वांत मोलाचा वाटतो.

उणीवही मोठी आहे. सुरुवातीच्या चाचणीत औषध घेतलेल्यांपैकी जवळपास दहा टक्के जणांत विषाणूने त्या विकरातलं एक अमिनो आम्ल बदलून औषधाची पकड ढिली केली. लहान मुलांत हे अधिक दिसतं, त्यामुळे जपानी संशोधक या बदलावर सतत नजर ठेवून असतात. शिवाय दोन्ही औषधं पहिल्या ४८ तासांत पोटात गेली तरच त्यांचा पुरेपूर उपयोग होतो. आपल्याकडे हे दोन दिवस बहुतेकदा घरच्या काढ्यात आणि तापाच्या गोळीतच निघून जातात.